एवढे लोक उभे काऊन?

डॉर्टमुंडहून परतल्यावर मी बाबांना मोबाइलवर दीड मिनिटाचा एक व्हिडिओ दाखवला. सामना सुरू व्हायच्या आधीचा. एका टोकाला काळ्या-पिवळ्या कपड्यांतली माणसं, खालपासून छपरापर्यंत नुसती माणसंच, आणि सगळी एका सुरात गाताहेत. बाबांची सगळी नोकरी वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणीत झाली. गर्दी, गोंगाट, धूळ यांचं त्यांना विशेष काही वाटत नाही. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, "एवढे लोक उभे काऊन? बसाले जागा नाही का तिथं?"

मी म्हटलं, जागा आहे, पण ते मुद्दाम उभे राहतात. तिकीट काढून.

"उभं राहाचे पैसे?" एवढं बोलून त्यांनी मोबाइल परत दिला.

जर्मनीतल्या स्टेडियमांबद्दल गेली दोन वर्षं मी जे काही वाचतो आहे, ते सगळं या प्रश्नाभोवती फिरतं असं आता वाटतं. तोपर्यंत मीही त्या इमारतींकडे आपल्या प्रवासवर्णनांच्या सवयीनेच बघत होतो. मराठी माणूस परदेशातल्या स्टेडियमवर लिहितो तेव्हा आधी छप्पर येतं, मग स्वच्छतागृहं, मग वेळेवर येणारी ट्रेन, आणि शेवटी 'आपल्याकडे हे कधी होणार' हा उसासा. या लिखाणात इमारत असते, माणसं नसतात. असलीच तर शिस्तीत रांगेत उभी असतात. त्यामुळे ती इमारत कोणाची, हा प्रश्न लेखकाला पडतच नाही. वाचकालाही नाही.

डॉर्टमुंडच्या त्या दक्षिण स्टँडमध्ये २४,४५४ लोक उभे राहू शकतात. युरोपात उभं राहून बघण्याची एवढी मोठी जागा दुसरी नाही. संपूर्ण स्टेडियमची क्षमता ८१,३६५. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा प्रेक्षक सबंध सामना पायांवर काढतात. चढ असा की मागच्याची गुडघी पुढच्याच्या खांद्याला लागावी. ठरावीक अंतराने छातीएवढे लोखंडी कठडे असतात, गर्दीचा लोंढा अडवायला. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली आणि त्यानंतर तिथल्या वरच्या दर्जाच्या मैदानांवर उभं राहणं बंद झालं. खुर्च्या आल्या, आणि पुढच्या वर्षांत तिकिटांचे भावही चढत गेले. जर्मनीतल्या प्रेक्षकांनी हे होऊ दिलं नाही. युरोपीय स्पर्धांच्या नियमांसाठी अनेक वर्षं त्याच स्टँडवर खुर्च्या बसवाव्या लागत, सामना झाला की त्या काढून ठेवत. उभं राहण्याचं तिकीट बसण्याच्या तिकिटापेक्षा बरंच स्वस्त असतं. कारखान्यातल्या मुलाला, विद्यार्थ्याला परवडावं म्हणून. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे: उभे आहेत, कारण बसवलं की यातले निम्मे बाहेर राहतील.

उरलेलं अर्धं उत्तर इमारतीच्या आधीचं आहे. पण त्याआधी बर्लिनला जाऊन यावं लागेल, कारण जर्मन स्टेडियमशी विदर्भाची पहिली गाठ तिथे पडली होती.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची तुकडी जर्मनीला गेली होती. कबड्डी, खो-खो, मल्लखांब यांची प्रात्यक्षिकं त्यांनी तिथे करून दाखवली. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेलं हे मंडळ. आमच्याकडे या घटनेचा अभिमान अजून ताजा आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराने ती गोष्ट ऐकलेली असते, मीही ऐकली. वऱ्हाडातली माणसं त्या काळात लंगोट आणि मल्लखांब घेऊन सातासमुद्रापार जातात, यात धाडस आहेच. पण ज्या सोहळ्यात ती प्रात्यक्षिकं झाली तो सोहळा कशासाठी होता, हे गोष्ट सांगणारा कधी सांगत नाही.

वेर्नर मार्खने आखलेलं बर्लिनचं ते स्टेडियम आजही उभं आहे. बाहेरून ते फार उंच वाटत नाही, कारण मैदान जमिनीच्या पातळीपासून सुमारे बारा मीटर खाली खोदलेलं आहे. आत शिरलो की एकदम पायाखाली दरी उघडते. पश्चिमेला वाडग्याला एक खिंडार ठेवलंय, त्यातून पलीकडचा कवायतीचा पट आणि घंटेचा मनोरा दिसतो. लाख माणसं एका नजरेत मावतील आणि त्या लाखांची नजर एका माणसाकडे वळेल, अशी ती योजना. दगड सुंदर आहेत. प्रमाणं सुंदर आहेत. मी तासभर फिरलो आणि मला ते आवडलं, हे कबूल करायला हवं. त्रास त्याचाच होतो. २००० ते २००४ या काळात त्याचं नूतनीकरण झालं तेव्हा वास्तुरचनाकारांनी नवं छप्पर त्या खिंडारापाशी तोडून ठेवलं, पूर्ण वर्तुळ केलं नाही. इतिहास झाकायचा नाही, हा त्यातला विचार मला पटतो. अमरावतीच्या त्या तुकडीची गोष्टसुद्धा अशीच, खिंडार बुजवल्याशिवाय सांगता येईल.

म्युनिकने १९७२ मध्ये बर्लिनला उलटं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. ग्युंटर बेनिश आणि फ्राय ओटो यांनी तंबूसारखं पारदर्शक छप्पर टाकलं, बाजूला युद्धातल्या ढिगाऱ्यांची टेकडी, गवत, तळं. कवायत नको, सहल वाटावी. त्याच ऑलिम्पिकमध्ये इस्रायलचे अकरा खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. इमारतीने कितीही हात पसरले तरी ती राजकारणाला दाराबाहेर ठेवू शकत नाही. तरीही त्या तंबूखाली उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा आपल्या जत्रेची आठवण झाली, आणि बर्लिनमध्ये ती झाली नव्हती.

आता ते उरलेलं अर्धं उत्तर.

जर्मन क्लबांची नावं वाचताना 'टीएसव्ही', 'टीएसजी' ही अक्षरं सारखी भेटतात. त्यातला 'ट' म्हणजे टुर्नेन. व्यायाम, कसरत. बर्लिनच्या हासेनहाइडे भागात १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान याने उघड्यावर कसरतीचं मैदान काढलं. आडव्या दांड्या, घोडा, चढायचे दोर. मातीऐवजी वाळू असेल, पण तो आखाडाच. परकी सत्ता, शरीर कमावणारी तरुण मुलं, देशभक्ती, आणि तिच्या आतून डोकावणारा संकुचितपणा, सगळं आपल्या ओळखीचं. पुढे गावोगाव अशी मंडळं झाली. फुटबॉल आला तेव्हा या कसरतवाल्यांनी त्याला 'इंग्रजी आजार' म्हणून हिणवलं. १९२३-२४ मध्ये तर कसरतवाले आणि खेळवाले रीतसर वेगळेच झाले. त्या फाटाफुटीतून शाल्के हा खाणकामगारांचा क्लब आपल्या आताच्या नावाने उभा राहिला. डॉर्टमुंडचं तर याहून मराठी: १९०९ साली चर्चच्या युवक मंडळातली पोरं फुटबॉलचं वेड सोडीनात, पाद्री चिडला, मग पोरांनी एका दारूच्या गुत्त्यात बसून आपलं मंडळ वेगळं काढलं. गणपती मंडळं अशीच फुटतात. फरक एवढाच की या फुटलेल्या मंडळाकडे आज ८१ हजारांचं स्टेडियम आहे.

म्हणजे तिथे आधी मंडळ आलं, मग मैदान, मग भिंत, आणि छप्पर सगळ्यात शेवटी. व्यावसायिक संघ कंपनी झाला तरी मतांचा मोठा वाटा सभासदांच्या मंडळाकडेच राहिला पाहिजे, हा १९९८ पासूनचा नियम, ज्याला '५०+१' म्हणतात, याच क्रमाचा कायदेशीर अवतार आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा द्यायचं ठरवलं तेव्हा प्रेक्षकांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकले, सामने थांबवले, आणि तो व्यवहार रद्द करायला लावला. ही माणसं गिऱ्हाइकासारखी वागली नाहीत. वर्गणी भरणाऱ्यासारखी वागली.

महाराष्ट्रात या गोष्टीच्या सगळ्यात जवळ जाणारं गाव कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही फुटबॉल संघांची नावं आहेत, हे विदर्भातल्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. पण तालमीने फुटबॉल संघ काढणं म्हणजे अक्षरशः टुर्न-फेराइनने फुटबॉल संघ काढणं. पेठ म्हणजेच क्लब. शाहू स्टेडियममध्ये सामना असला की गावात कोण कुठल्या बाजूचा हे सांगावं लागत नाही. आणि तिथलं खासबाग मैदान, शाहू महाराजांनी १९१२ मध्ये पुरं केलेलं कुस्तीचं वाडगं, महाराष्ट्रातली स्टेडियम म्हणून सगळ्यात शहाणी रचना आहे असं मी बेधडक म्हणेन. मधे हौद, भोवती उताराची जमीन, कुठूनही बघा, पैलवान दिसतोच. रोमचं कलोझियम बघून आलेल्या राजाने त्यातला दगड टाळला आणि उतार घेतला. बर्लिनप्रमाणे तेही वाडगंच, पण त्याच्या मध्यभागी भाषणाचा चौथरा नाही, लाल माती आहे.

यवतमाळ जिल्ह्यात राजा नव्हता आणि पेठाही नाहीत. पण मंडळं आहेत. आमच्या गावात कबड्डीचे रात्रीचे सामने व्हायचे, अजून होतात. कापसाची पहिली वेचणी घरात आली की पावतीपुस्तक निघायचं. पोरं माती चाळून आणायची, पाणी मारायची, दगडी रोलर ओढायची. फक्कीच्या रेघा, चार कोपऱ्यांत बांबू, त्यावर हॅलोजन. प्रेक्षक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, शाळेच्या भिंतीवर, लिंबाच्या झाडावर, आणि उरलेले उभे. चढाई करणारा पोरगा रेघेला हात लावून परत फिरला की जो आवाज निघायचा, तो डॉर्टमुंडला ऐकल्यावर मला वेगळा वाटला नाही. मोठा होता, एवढंच.

राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर क्रीडा संकुलं बांधायची ठरवली. हेतू चांगला होता, पैसेही आले. गेल्या हिवाळ्यात मी आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या संकुलात गेलो. नाव लिहीत नाही, कारण तसं एकच नाही. गेटवर मोठी कमान. आत धावपट्टी, तिच्यावर गाजरगवत. बाजूला बंदिस्त सभागृह, पत्र्याचं उंच छप्पर, आत बॅडमिंटनच्या रेघा, दाराला कुलूप. किल्ली चौकीदाराकडे, चौकीदार जेवायला. सकाळी तासभर डॉक्टर, वकील आणि ठेकेदार मंडळी तिथे बॅडमिंटन खेळतात, ते किल्ली लावतात आणि ते काढतात. आमच्या मंडळाच्या पोरांनी सामन्यांसाठी जागा मागितली तर अर्ज, अनामत, लाइटबिल आणि 'वरून परवानगी'. पोरं परत आली.

या सभागृहाची वास्तू म्हणून समीक्षा करायची तर फारसं लिहिण्यासारखं नाही. पत्रा तापतो, झरोके इतके वर आहेत की हवा खेळाडूपर्यंत उतरत नाही, पाऊस आला की पंचाची शिट्टी ऐकू येऊ नये. प्रेक्षकांसाठी एका बाजूला तीन पायऱ्या. म्हणजे इमारत बांधणाऱ्याने प्रेक्षक येईल असं धरलेलंच नाही. मला खरा दोष हाच वाटतो. पत्रा बदलता येतो.

याच्या समोर कीलचं उदाहरण ठेवून बघावं. उत्तर जर्मनीतल्या त्या बंदराच्या शहरात १९५१ साली एक बंदिस्त सभागृह उभं राहिलं. युद्धातलं, झ्युल्ट बेटावरचं विमानांचं गोदाम सोडवून आणून त्याच्या सांगाड्यावर ते रचलं. भंगारच म्हणा. पण तिथे हँडबॉल खेळणारा संघ टीएचडब्ल्यू कील, म्हणजे हासे आणि विंटरबेक या दोन जुन्या वस्त्यांचं व्यायाम मंडळ, १९०४ चं. त्या गोदामात ते जर्मनीतला सगळ्यात यशस्वी हँडबॉल संघ झाले. छपराला त्यांनी मोठं केलं, छपराने त्यांना नाही.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली तेव्हापासून आमची पोरंही छपराखालच्या खेळाकडे बघतात. मॅट, बूट, थंड हवा, निळे-जांभळे दिवे. मातीवर शिकलेला पाय मॅटवर अडखळतो, म्हणून मॅट हवी हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मातीचे गोडवे गाणं हे गुडघे न सोललेल्यांचं काम. म्हणून संकुल नको असं मी म्हणत नाही. किल्ली कोणाच्या खिशात, एवढंच विचारतो.

बर्लिनच्या पूर्व भागात कोपेनिकला युनियन नावाचा क्लब आहे. २००८ मध्ये त्यांचं स्टेडियम मोडकळीला आलं, क्लबकडे पैसे नव्हते. तेव्हा दोन हजारांहून जास्त प्रेक्षकांनी स्वतः काम करून ते बांधलं. १ लाख ४० हजार तास. सुतार, गवंडी, बेकार, मास्तर. सिमेंट कालवलं, जुन्या पायऱ्या फोडल्या. पुढच्या वर्षी उभं राहिलेल्या त्या स्टेडियमात बसायच्या जागा चार हजारांहूनही कमी, बाकी सगळे उभे. २०१४ च्या विश्वचषकाच्या वेळी लोकांनी घरचे सोफे आणून त्या मैदानात मांडले आणि मोठ्या पडद्यावर सामने बघितले. श्रमदान हा शब्द तुकडोजी महाराजांच्या मुलखात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे श्रमदानातून बांध झाले, तळी झाली, देवळं झाली. स्टेडियम झाल्याचं मी तरी पाहिलं नाही. कारण स्टेडियम हे सरकारने द्यायचं आणि नेत्याचं नाव लावायचं असतं, असं आपण धरून चाललो आहोत. नावाच्या बाबतीत जर्मनांना हसायला जागा नाही म्हणा. डॉर्टमुंडचं स्टेडियम २००५ पासून एका विमा कंपनीच्या नावाने ओळखलं जातं. आपल्याकडे दिवंगत नेते, त्यांच्याकडे विमा. विचार केला तर दोन्हीचा संबंध एकाच गोष्टीशी आहे.

नागपूरला जाताना बुटीबोरी सोडली की उजव्या-डाव्या हाताला बघत बसलेल्या प्रवाशांत एकदम हालचाल होते: जामठा आलं. शहराच्या मधोमध सिव्हिल लाइन्समध्ये असलेलं क्रिकेट २००८ मध्ये उचलून हायवेवर आणलं. भव्य आहे. पहिल्याच कसोटीला, तीही ऑस्ट्रेलियाविरुद्धची आणि गांगुलीची शेवटची, स्टँड ओस होते. चालत जाता येत नाही अशा जागी गर्दी सवयीने जात नाही, ठरवून जावं लागतं. डॉर्टमुंडमध्ये स्टेडियमला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, आणि सामन्याच्या तिकिटातच त्या दिवसाचा लोकलचा प्रवास धरलेला असतो.

आता इथपर्यंत लिहून मला माझीच शंका येते. जर्मन मंडळाचं मी फार गोड चित्र काढलं. ज्या दक्षिण स्टँडचा व्हिडिओ मी बाबांना दाखवला, तिथेच १९८० च्या दशकात 'बोरुसेनफ्रंट' नावाची नवनाझी टोळी वावरत होती. आता तोच क्लब आपल्या प्रेक्षकांना आउशवित्झला सहलीला नेतो, म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. लाइपझिगमध्ये एका पेयाच्या कंपनीने मोजक्या सभासदांचं मंडळ काढून ५०+१ ला बगल दिली. झिन्सहाइममध्ये एका अब्जाधीशाच्या पैशातून तीन हजार वस्तीच्या होफेनहाइम गावाच्या संघासाठी तीस हजारांचं स्टेडियम झालं, आणि तेही भरतं. नियमाला पळवाटा असतात.

आणि आमचं मंडळ? पावतीपुस्तक आठवून बघतो. वर्गणी तांड्यावरूनही घेतली जायची, पण कार्यकारिणीत तांड्यावरचं एकही नाव माझ्या लहानपणी नव्हतं. कोलाम पोडावरचा एक पोरगा आमचा सगळ्यात चपळ चढाईवाला होता. बक्षिसाचा फोटो काढताना तो कडेला उभा असायचा. बायका सामने बघायच्या, पण गच्चीवरून, अंधारातून. डॉर्टमुंडला माझ्या शेजारी साठीतली एक बाई होती, हातात बिअरचा प्लास्टिकचा पेला, दर चुकीच्या पासला एक शिवी. माझ्या भाचीने त्या शिव्यांचं भाषांतर करायचं नाकारलं. आमच्या गावात अशी बाई मैदानात खाली उतरेल तेव्हा मंडळ हा शब्द मी आणखी थोडा मोठ्याने उच्चारीन. सभासद कोण, हा प्रश्न किल्लीच्याही आधीचा आहे, आणि तो सुटला नाही तर किल्ली चौकीदाराच्या खिशातून अध्यक्षाच्या खिशात जाईल, एवढंच.

संकुल मिळालं नाही म्हणून गेल्या जानेवारीत पोरांनी सामने सोयाबीन निघालेल्या एका शेतात घेतले. शेतमालकाला एक सत्कार आणि एक शाल. यंदा कार्यकारिणीत तांड्यावरची दोन पोरं आहेत, त्यातल्या एकाने कुठूनशी जुनी मॅट भाड्याने आणायची खटपट केली, पण भाडं पाहून सगळे गप्प बसले. मातीच चाळली. मुलींचा एक प्रदर्शनी सामना ठेवला होता, तो वीज गेल्यामुळे अर्ध्यावर थांबला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हात, पुरा केला. सकाळी कोणी येणार नाही असं वाटलं होतं. आले.

बाबांना पुढच्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची दिली होती, ज्येष्ठ म्हणून, सरपंचाच्या बाजूला. पहिल्या डावापर्यंत ते बसले. दुसऱ्या डावात मी वळून पाहिलं तर खुर्चीवर शाल तेवढी होती. ते मैदानाच्या कडेला, रेघेला पाय लागेल इतक्या जवळ उभे होते आणि पंचाला सांगत होते की पोराचा पाय बोनस रेघेच्या पलीकडे पडलाच नव्हता.